महागाई, राजकारण आणि महिलांच्या हाती सत्ता: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरखर्च भागेनासा झाला की लोक सरकारवर राग काढतात, हे खरे आहे का?

बऱ्याच अंशी खरे आहे. मात्र या रागाची वाट आपण समजतो तितकी सरळ नसते. अमेरिकेत डोनाल्ड किंडर आणि रॉडरिक कीवेट या अभ्यासकांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस मतदारांच्या सर्वेक्षणांचा जो अभ्यास केला, त्यात स्वतःची नोकरी गेली किंवा स्वतःचे उत्पन्न घटले एवढ्याच कारणाने मतदार सत्ताधाऱ्यांविरुद्ध जातो असे फारसे दिसले नाही. देशाचा कारभार एकंदरीत कुठे चालला आहे, या समजुतीचा मतावर होणारा परिणाम त्याहून बराच मोठा होता. हे समजण्यासारखे आहे. आपल्या घरातल्या तंगीचे खापर माणूस आधी नशिबावर, मालकावर, आजारपणावर किंवा एखाद्या फसलेल्या व्यवहारावर फोडतो, आणि चारचौघांत ती तंगी झाकतोही. 'सगळ्यांचेच असे चालले आहे' हे कळल्यावर मात्र तिला सार्वजनिक कारण असले पाहिजे असे वाटू लागते, आणि मग बोट सत्तेवरच्या माणसाकडे वळते.

ते योग्य माणसाकडेच वळते असे नाही. भारतातील राज्यांच्या निवडणुकांच्या एका अभ्यासात पाऊस बिघडल्याची शिक्षाही सत्ताधारी पक्षाला मिळते असे आढळले. सरकारने मदत तत्परतेने पोहोचवली असेल तर ती शिक्षा काहीशी सौम्य होते, पण पूर्ण टळत नाही. पाऊस कोणाच्या हातात नसतो हे मतदाराला ठाऊक नसते, असे मुळीच नाही. झालेल्या त्रासाचा जाब विचारायला निवडणुकीखेरीज दुसरी जागाच त्याला सापडत नाही, हे माझ्या मते त्यामागचे कारण आहे.

महागाई कमी झाल्याचे जाहीर होते, तरी आमचा खर्च कमी का होत नाही?

महागाईचा दर उतरणे म्हणजे किमती उतरणे नव्हे. त्या वाढण्याचा वेग मंदावणे एवढाच त्याचा अर्थ. शंभराला मिळणारी वस्तू गेल्या वर्षी एकशे दहाला झाली आणि यंदा एकशे तेराला, तर महागाईचा दर दहा टक्क्यांवरून तीन टक्क्यांच्याही खाली आला हे सरकारचे म्हणणे खरे असते, आणि दोन वर्षांपूर्वीपेक्षा तेरा जास्त मोजावे लागतात हे घरातल्या माणसाचे म्हणणेही तितकेच खरे असते. दोघे वेगवेगळ्या गोष्टींविषयी बोलत असतात.

शिवाय सरकारी आकडा सरासरी कुटुंबाचा असतो. उत्पन्न जितके कमी, तितका त्यातला अन्नावर जाणारा वाटा मोठा, हे अर्न्स्ट एंगेल या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने १८५७ मध्येच मांडले होते. त्यामुळे धान्य महाग आणि दूरचित्रवाणी संच स्वस्त झाला, तर सरासरी आकडा शांत दिसतो आणि गरिबाचे कंबरडे मोडलेले असते. ज्या वस्तू आपण रोज विकत घेतो त्यांच्या किमती लक्षात राहतात, वर्षातून एकदा घेतो त्यांच्या राहत नाहीत. म्हणून घरातला रोजचा बाजारहाट जिच्या हाती असतो, ती बाई महागाईचा अंदाज बहुधा घरातल्या इतरांपेक्षा चढा सांगते. तिला अर्थशास्त्र कळत नाही असा निष्कर्ष यावरून काढणारे पुष्कळ भेटतात. तिने बघितलेल्या किमतींची यादी वेगळी असते, एवढेच त्यातून सिद्ध होते.

हातातोंडाची गाठ पडत नाही अशा माणसाला राजकारण काय कळणार, असे सर्रास म्हटले जाते. त्यात तथ्य किती?

विवंचनेचा विचारशक्तीवर ताण पडतो, यात तथ्य असावे. तमिळनाडूतील ऊस उत्पादक शेतकऱ्यांची आकलनाची चाचणी कापणीपूर्वी, म्हणजे हात आखडता असताना, आणि कापणीनंतर पैसे हाती आल्यावर, अशी दोनदा घेतली गेली. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात त्याच माणसांचे कापणीपूर्वीचे गुण कमी आले. याच धर्तीच्या नंतरच्या सगळ्या प्रयोगांत इतका ठळक परिणाम दिसलेला नाही, तेव्हा त्यावर फार मोठा इमला बांधू नये. पण माणसे तीच, शिक्षण तेच, आणि फरक फक्त हातातल्या पैशाचा, ही गोष्ट 'गरीब तो अडाणी' म्हणणाऱ्यांना विचार करायला लावणारी आहे.

आपल्या हक्काचा कागद कोणत्या टेबलावर अडकला आहे, कोणाच्या चिठ्ठीशिवाय तो पुढे सरकत नाही आणि मागच्या वेळी कोणी शब्द फिरवला, हे अडलेल्या माणसाला पक्के माहीत असते. हेही राजकीय ज्ञानच आहे. परीक्षेत विचारले जात नाही, इतकेच.

ओढगस्तीचा फटका बायकांना जास्त बसतो, हे नुसते बोलायचे की खरे?

कोणते संकट आहे त्यावर ते अवलंबून असते. २००८ च्या मंदीत बांधकाम आणि कारखानदारी आधी बसली, त्यामुळे अनेक देशांत नोकऱ्या गमावणाऱ्यांत सुरुवातीला पुरुष अधिक होते. २०२० च्या महासाथीत उलट झाले: हॉटेले, किरकोळ विक्री, घरकाम यांसारखी कामे बंद पडली, त्यात बायकांची संख्या मोठी होती, आणि शाळा बंद झाल्याने मुलांना सांभाळण्याचे कामही मुख्यतः त्यांच्याच अंगावर आले. तेव्हा 'बायकांना नेहमीच जास्त' हे विधान पगारी नोकऱ्यांच्या हिशेबात टिकत नाही.

जिथे ते टिकते ती जागा पगारपत्रकात दिसत नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०१८ च्या अहवालानुसार जगातील विनावेतन घरकाम आणि सेवाशुश्रूषेच्या तासांपैकी तीन चतुर्थांशांहून अधिक तास बायका राबतात. पैसा आटला की जे पूर्वी विकत घेतले जात होते ते घरी करावे लागते, आणि ते कोण करणार हे बहुतेक घरांत ठरलेले असते. हिशेबाच्या वहीत महिनाअखेरीला कोणत्या ओळींवर काट पडते ते पाहावे. मुलांच्या फीची ओळ शेवटपर्यंत तग धरते, घरातल्या कमावत्या माणसाच्या प्रवासखर्चाला कोणी हात लावत नाही, आणि बाईच्या गुडघेदुखीच्या औषधापुढे 'पुढच्या महिन्यात' असे लिहिलेले असते, तेही तिच्याच अक्षरात. ही काटकसर सरकारच्या कोणत्याच आकड्यात उतरत नाही, म्हणून तिच्याविषयी राजकीय मतही सहसा तयार होत नाही.

'घर चालवणारी बाई देशही नीट चालवेल' आणि 'देश चालवणे म्हणजे घर चालवणे नव्हे', यांपैकी कोणते मत बरोबर?

दुसरे, पण ते ज्या कारणासाठी फेकले जाते त्या कारणासाठी नव्हे. ब्रिटनच्या मार्गारेट थॅचर यांनी घरच्या अंदाजपत्रकाचा दाखला वारंवार दिला, आणि तो लोकांना पटलाही, कारण मिळकतीपेक्षा जास्त खर्च करू नये हे कोणालाही समजते. पण घराने खर्च कमी केला तर घराची मिळकत त्यामुळे घटत नाही. मंदीत सरकारने खर्च कमी केला तर कोणाची तरी मिळकत घटते, त्याचा कर घटतो, आणि तूट पुन्हा समोर उभी राहते. शिवाय सरकारकडे चलन असते, कर लावण्याचा अधिकार असतो आणि त्याचे आयुष्य एका पिढीत संपत नाही.

घर चालवण्याच्या अनुभवातून मिळतो तो अग्रक्रम ठरवण्याचा सराव, आणि तो पुरुषानेही घर चालवले तर त्यालाही मिळतो. बाईला राजकारणात जागा मिळावी याचे समर्थन तिच्या संसारकौशल्यावर उभे करणे मला धोक्याचे वाटते, कारण मग प्रत्येक पुरुष उमेदवाराला संसार जमतो का, असे कोणी विचारत नाही.

सगळे बिघडल्यावरच बायकांना खुर्ची का मिळते?

हा प्रश्न विचारणाऱ्याच्या मनात बहुधा एखादे ताजे उदाहरण असते. अशी उदाहरणे पुष्कळ आहेत. २००३ मध्ये ब्रिटनमधील एका वृत्तपत्राने, संचालक मंडळावर बायका आल्या की कंपन्यांची कामगिरी घसरते, असा सूर लावला होता. मिशेल रायन आणि ॲलेक्झांडर हॅस्लम या संशोधकांनी त्याच आकड्यांकडे घटनाक्रम लावून पाहिले, तेव्हा उलटी गोष्ट समोर आली: बाजार घसरणीला लागलेला असताना ज्या कंपन्यांनी बायकांना संचालक नेमले, त्या कंपन्यांची कामगिरी नेमणुकीच्या आधीचे काही महिने सातत्याने खराब होती. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षाला त्यांनी 'काचेचा कडा' (इंग्रजीत 'ग्लास क्लिफ'), म्हणजे जिथून घसरण्याचा धोका आधीच मोठा आहे अशी जागा, असे नाव दिले. नंतरच्या अभ्यासांत हा प्रकार सर्वत्र सारखा आढळलेला नाही, तरी राजकारणातील अनेक नेमणुका समजून घ्यायला तो उपयोगी पडतो.

कॅनडाच्या किम कॅम्पबेल यांचे उदाहरण घ्यावे. दोन वेळा बहुमताने निवडून आलेल्या पक्षाची लोकप्रियता मंदी आणि नव्या वस्तू-सेवा कराने रसातळाला नेली होती; आधीचे पंतप्रधान पायउतार झाले आणि जून १९९३ मध्ये कॅम्पबेल त्या देशाच्या पहिल्या महिला पंतप्रधान झाल्या. ऑक्टोबरमध्ये निवडणूक झाली. दीडशेहून अधिक जागा असलेला त्यांचा पक्ष दोन जागांवर आला, आणि त्या स्वतःही पराभूत झाल्या. प्रचारात त्यांच्याकडून चुका झाल्या हे खरे. पण दीडशे जागा काही चार महिन्यांत केलेल्या चुकांनी जात नाहीत.

आइसलँडमध्ये ऑक्टोबर २००८ मध्ये तिन्ही मोठ्या बँका कोसळल्या, आणि फेब्रुवारी २००९ मध्ये योहाना सिगुरदारदोत्तिर पंतप्रधान झाल्या. जवळजवळ दीड दशकाचे यादवी युद्ध संपल्यानंतर, २००६ मध्ये एलेन जॉन्सन सरलीफ लायबेरियाच्या राष्ट्राध्यक्ष झाल्या. इंदिरा गांधी जानेवारी १९६६ मध्ये पंतप्रधान झाल्या तेव्हा देशात दुष्काळ होता, परकीय चलनाची चणचण होती, आणि जूनमध्ये त्यांना रुपयाचे अवमूल्यन करावे लागले. पक्षाला बेकायदा देणग्यांचे प्रकरण शेकले नसते तर पुढे जर्मनीच्या चॅन्सेलर, म्हणजे सरकारप्रमुख, झालेल्या अँगेला मर्केल यांना एप्रिल २००० मध्ये पक्षाध्यक्षपद मिळाले असते का, याविषयी जर्मनीत आजही शंका घेतली जाते. यांतल्या काही टिकल्या, काही बुडाल्या. समान गोष्ट इतकीच की ज्या वेळी त्यांना पद मिळाले, त्या वेळी त्या पदावर हक्क सांगणारे मातब्बर पुरुष एक तर बदनाम झालेले होते, एकमेकांत अडकलेले होते किंवा हात पोळून घ्यायला तयार नव्हते.

म्हणून 'बाई आली आणि महागाई वाढली' असे कोणी म्हटले की तिने कारभार हाती घेतला तेव्हा खजिन्यात काय होते आणि तिला किती काळ मिळाला, हे आधी विचारावे. तारखा पाहिल्या तर निम्मे वाद तिथेच मिटतात.

मग महिला नेत्यांच्या अपयशाला दरवेळी परिस्थितीच जबाबदार धरायची का?

नाही. ब्रिटनच्या लिझ ट्रस यांनी सप्टेंबर २०२२ मध्ये पद हाती घेतले तेव्हा ऊर्जेच्या किमतींनी लोक हैराण होते, हे मान्य. पण पैसा कुठून येणार हे न सांगता मोठ्या करकपातीची घोषणा त्यांच्याच सरकारने केली, त्यानंतर पौंड घसरला, सरकारी कर्जाचे व्याज आणि त्यापाठोपाठ घरकर्जाचे हप्ते वाढले, आणि एकोणपन्नास दिवसांत त्यांचे पंतप्रधानपद गेले. मार्गारेट थॅचर यांनी १९९० मध्ये इंग्लंडमध्ये लागू केलेला माणशी कर श्रीमंताला आणि मजुराला जवळपास सारखाच बसत होता; त्यावरून दंगल झाली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्या गेल्या. हे दोन्ही निर्णय धोरणाचे होते, त्यांचे मूल्यमापन धोरण म्हणूनच व्हायला हवे, आणि ते कठोरपणे केल्याने कोणत्याही स्त्रीचा अवमान होत नाही. एका पुरुषाचे चुकीचे अंदाजपत्रक हे त्या माणसाचे अपयश मानले जाते, पण एका बाईचे चुकीचे अंदाजपत्रक पुढच्या दहा बायकांच्या उमेदवारीआड येते. हरकत घ्यायची ती या हिशेबाला.

बायका सत्तेवर असल्या तर भ्रष्टाचार आणि युद्धे कमी होतील का?

ज्या देशांच्या संसदेत बायका जास्त, तिथे भ्रष्टाचार कमी, असे जागतिक बँकेच्या अर्थतज्ज्ञांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस मांडले होते. नंतर लक्षात आले की जिथे न्यायालये आणि वृत्तपत्रे स्वतंत्र असतात, तिथे बायकांना संसदेत येणेही सोपे जाते आणि लाच खाणेही अवघड होते; म्हणजे दोन्हींचे मूळ तिसऱ्याच गोष्टीत असू शकते. युद्धाबाबत तर इतिहास आणखी स्पष्ट आहे. १९७१ मध्ये इंदिरा गांधी, १९७३ मध्ये इस्रायलच्या गोल्डा मायर आणि १९८२ मध्ये मार्गारेट थॅचर युद्धकाळात पंतप्रधान होत्या, आणि १४८० ते १९१३ या काळातील युरोपीय राजघराण्यांच्या एका अभ्यासात राण्यांच्या कारकिर्दीत युद्धाची शक्यता राजांच्या कारकिर्दीपेक्षा जास्त आढळली. बाई म्हणजे शांतता, हा समज गोड आहे. त्याच्या भरवशावर मत देऊ नये.

आरक्षणाने निवडून आलेल्या बायकांमुळे खरेच काही बदलते का?

या प्रश्नाला भारतातून मिळालेले उत्तर जगभर अभ्यासले जाते. १९९३ मध्ये लागू झालेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतींतील किमान एक तृतीयांश जागा आणि अध्यक्षपदे महिलांसाठी राखीव झाली. कोणत्या गावाचे प्रमुखपद राखीव होणार हे पाळीने किंवा सोडतीने ठरत असल्यामुळे, राखीव आणि बिगर-राखीव गावांची तुलना जवळजवळ प्रयोगासारखी करता आली. राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्तेर दुफ्लो यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, पश्चिम बंगाल आणि राजस्थान या दोन्ही ठिकाणी महिला प्रमुख असलेल्या गावांत पिण्याच्या पाण्यावर अधिक खर्च झालेला दिसला. रस्त्यांबाबत मात्र दोन राज्यांत फरक होता: बंगालमध्ये महिला प्रमुखांनी रस्त्यांवरही जास्त खर्च केला, राजस्थानात कमी. हा फरक त्या त्या ठिकाणच्या बायकांच्या तक्रारींशी जुळत होता. पंचायतीच्या तुटपुंज्या निधीत कोणाची तक्रार आधी ऐकली जाते, ते बदलले.

दुसरा प्रयोग मला त्याहून अधिक बोलका वाटतो. पश्चिम बंगालमधील गावकऱ्यांना एका नेत्याचे भाषण ध्वनिमुद्रणावर ऐकवले गेले. मजकूर अगदी तोच. काही जणांना तो पुरुषाच्या आवाजात ऐकवला, काहींना बाईच्या, आणि मग हा नेता कितपत कार्यक्षम वाटतो असे विचारले. ज्या गावांनी महिला प्रमुख कधी पाहिलीच नव्हती, तिथल्या पुरुषांनी बाईच्या आवाजातल्या त्याच भाषणाला कमी गुण दिले. ज्या गावांनी महिला प्रमुखाचा कारभार अनुभवला होता, तिथे हा फरक जवळजवळ उरला नव्हता. दोन वेळा आरक्षण येऊन गेलेल्या गावांत, आरक्षण उठल्यानंतरही बायका खुल्या जागांवर उभ्या राहण्याचे आणि निवडून येण्याचे प्रमाण वाढले. पुढच्या अभ्यासात, अशा गावांतील किशोरवयीन मुलींच्या शिक्षणाविषयी आईवडिलांच्या अपेक्षाही वाढलेल्या दिसल्या.

पण कारभार तर नवराच पाहतो, असे दिसते. मग त्याला अर्थ काय?

अनेक ठिकाणी तो पाहतो, आणि हे नाकारण्यात हशील नाही. सभेत खुर्चीवर ती बसते, शेजारच्या खुर्चीवर तो बसतो, अधिकारी कागद त्याच्यापुढे सरकवतो, तो वाचतो आणि सहीपुरता तिच्याकडे देतो. पण या दृश्यात दोष एकट्या तिचा नसतो. कागद कोणापुढे ठेवायचा हे त्या अधिकाऱ्यानेही ठरवलेले असते. वर सांगितलेला पाण्याचा निष्कर्ष अशा गावांनाही धरूनच आलेला आहे, हेही लक्षात ठेवावे. पहिल्या वर्षी सही करणारी बाई तिसऱ्या वर्षी कागद वाचून सही करते, आणि त्यानंतर शेजारच्या खुर्चीचे प्रयोजन संपत जाते. प्रत्येक ठिकाणी असे होत नाही. जिथे पाळी पाच वर्षांतच फिरते, तिथे ती शिकते आणि तेवढ्यात मुदत संपते.

मोठ्या पदावरच्या बायका घराण्यामुळेच येतात ना?

दक्षिण आशियात हे बरेचसे खरे आहे: सिरिमावो बंदरनायके १९६० मध्ये श्रीलंकेत, तेव्हाच्या सिलोनमध्ये, जगातील पहिल्या महिला पंतप्रधान झाल्या त्या पतीच्या हत्येनंतर, इंदिरा गांधी, बेनझीर भुट्टो, खालिदा झिया, शेख हसीना यांच्याही मागे पिता किंवा पती होता. पण थॅचर किराणा दुकानदाराच्या कन्या होत्या आणि मर्केल पदार्थविज्ञानातून आल्या. आणि घराण्यातून आलेल्या पुरुषांची यादी करायला बसलो तर ही यादी तिच्यापुढे फारच आखूड वाटेल.

बायका बायकांनाच मत देतात का?

तसे झाले असते तर कोणत्याही देशात महिलांचे बहुमत सहज झाले असते. प्रत्यक्षात जगातील संसदांत बायकांचे प्रमाण सुमारे २७ टक्के आहे. रवांडासारखे देश, जिथे राज्यघटनेने किमान ३० टक्के जागा ठेवल्या आणि २००८ च्या निवडणुकीनंतर संसदेच्या कनिष्ठ सभागृहात बायका निम्म्याहून अधिक झाल्या, हे अपवाद आहेत. पक्ष, जात, धर्म, वर्ग, प्रदेश या गोष्टी मतदानात लिंगाच्या आधी येतात.

महिला नेत्याला सर्वांत टोकदार विरोध बाईनेच केल्याचेही दाखले आहेत. सत्तरच्या दशकात महागाई आणि पाण्याच्या प्रश्नांवर बायकांचे मोर्चे काढणाऱ्या मृणाल गोरे 'पाणीवाली बाई' म्हणून ओळखल्या जात. आणीबाणीनंतरच्या १९७७ च्या निवडणुकीत त्या लोकसभेवर गेल्या आणि इंदिरा गांधी स्वतःच्या मतदारसंघात हरल्या, तेव्हा 'पानीवाली बाई दिल्ली में, दिल्लीवाली बाई पानी में' ही घोषणा गाजली. दोघीही बायका, आणि भांडण होते ते सत्ता कशी वापरली याचे.

महागाईविरोधी मोर्चात बायका पुढे असतात, मग सत्तेच्या वाटपात मागे का?

५ ऑक्टोबर १७८९ रोजी पाव मिळत नाही म्हणून पॅरिसच्या बायका व्हर्सायच्या राजवाड्यावर चालून गेल्या आणि दुसऱ्या दिवशी राजाला घेऊन परतल्या; फ्रान्समध्ये बायकांना मताचा अधिकार मिळायला १९४४ उजाडले. मार्च १९१७ मध्ये रशियाच्या तेव्हाच्या राजधानीतल्या, पेट्रोग्राडच्या, गिरणी कामगार बायका भाकरीसाठी रस्त्यावर आल्या आणि आठवडाभरात झारची सत्ता गेली, पण त्यानंतर स्थापन झालेल्या सरकारांत बायका बोटांवर मोजण्याइतक्याच होत्या. मोर्चाला एक दिवस काढता येतो. पद सांभाळायला रोजचे तास लागतात: संध्याकाळच्या बैठका, प्रवास, प्रचाराचा खर्च, उशिरापर्यंत चालणाऱ्या वाटाघाटी. उमेदवारीचे सौदे जिथे आणि ज्या वेळी होतात, तिथे त्या वेळी हजर राहू शकणारी बाई म्हणजे घरी दुसरे कोणीतरी काम उचलणारी बाई.

२४ ऑक्टोबर १९७५ रोजी आइसलँडमधील सुमारे ९० टक्के बायकांनी कार्यालयातील आणि घरातील दोन्ही कामे एक दिवस बंद ठेवली. बापांना मुले घेऊन कामावर जावे लागले. १९८० मध्ये त्याच देशात व्हिग्दिस फिनबोगादोत्तिर थेट मतदानाने निवडून आलेल्या जगातील पहिल्या महिला राष्ट्राध्यक्ष झाल्या. एकामुळेच दुसरे घडले असे म्हणणे घाईचे होईल, मात्र त्या स्वतः त्या दिवसाला मोठे श्रेय देत.

बायकांच्या खात्यावर थेट पैसे जमा करणाऱ्या योजना म्हणजे मते विकत घेणेच नव्हे का?

मेक्सिकोत १९९७ पासून आणि ब्राझीलमध्ये २००३ पासून अशा योजना राबवल्या गेल्या. ब्राझीलमध्ये योजनेचे कार्ड ९० टक्क्यांहून अधिक कुटुंबांत बाईच्याच नावावर होते, कारण तिच्या हातात आलेला पैसा मुलांवर खर्च होण्याची शक्यता अधिक असल्याचे धोरणकर्ते मानत होते. अशा पैशाचा मतावर परिणाम होतो का? उरुग्वेतील अभ्यासात लाभार्थ्यांचा तत्कालीन सरकारला असलेला पाठिंबा स्पष्टपणे वाढलेला दिसला. त्यात मला वावगे वाटत नाही; करसवलत मिळालेला व्यापारी सरकारवर खूश असतो तेव्हा त्याचे मत विकले गेले असे कोणी म्हणत नाही.

आक्षेप घ्यायचाच तर तो दुसरीकडे घ्यावा. योजना निवडणुकीच्या तोंडावर सुरू होऊन नंतर निधीअभावी गुंडाळली जाते का, निकष पाळले जातात का, आणि त्या पैशासाठी आरोग्य किंवा शिक्षणाच्या खर्चाला कात्री लागते का, हे तपासता येण्याजोगे प्रश्न आहेत. पैसे घेणारीच्या शहाणपणावर शंका घेणे सोपे असते, म्हणून चर्चा तिथेच अडकते.

'महिला नेतृत्व चालेल' असे सांगणाऱ्यांचे आकडे सर्वेक्षणात वाढताना दिसतात. ते किती खरे मानावेत?

सावधपणे. 'पुरुष हे बायकांपेक्षा चांगले राजकीय नेते असतात' या विधानाशी सहमत आहात का, असे जागतिक मूल्य सर्वेक्षणात अनेक देशांत विचारले जाते, आणि उत्तर देणाऱ्याला आपण मागासलेले दिसू नये असेही वाटत असते. प्रश्न विचारणारी बाई असेल तर उत्तर थोडे वेगळे येऊ शकते. उलट प्रकारही घडतो: पश्चिम बंगालमधील ज्या गावांत महिला प्रमुखांना दिलेले गुण सुधारले होते, तिथेही 'नेता पुरुष हवा की बाई' असे सरळ विचारल्यावर पुरुषांचे उत्तर पूर्वीचेच, पुरुषाच्या बाजूचे आले, आणि तरी त्याच गावांत बायका खुल्या जागांवर निवडून येत होत्या. म्हणून सर्वेक्षणाचा आकडा वाचताना प्रश्न कोणत्या शब्दांत विचारला, घरातल्या कोणाला विचारला आणि उत्तर देताना शेजारी कोण बसले होते, हे शोधावे. आणि त्याच भागातल्या गेल्या दोन-तीन निवडणुकांत किती पक्षांनी खुल्या, जिंकता येण्याजोग्या जागांवर बायकांना उमेदवारी दिली, हा आकडा त्याच्या शेजारी मांडून पाहावा.